टंकलेखन हिचं

पहिल्या कॉम्प्युटरचा विषय निघाला की लोकांना उमाळे येतात. आमच्या छापखान्यात दुपारच्या चहाला कुणीतरी हटकून सुरू करतंच. "आमच्याकडे आला ना, तेव्हा आम्ही त्याला मखमलीचं झाकण शिवलं होतं!" मग सगळे आपापल्या झाकणांबद्दल, फ्लॉप्यांबद्दल, माउसच्या पोटातल्या त्या गोळीबद्दल बोलत बसतात. मी उठून कप धुवायला जाते. एकदा नवीन लागलेल्या मुलीने विचारलं, "ताई, तुमच्याकडे नव्हता का?" म्हटलं, "होता. कॉम्प्युटर चांगलाच होता. माणसं नव्हती चांगली." बिचारी आपला कप घेऊन उठली. नंतर मला वाईट वाटलं, पण माझं तोंड असंच आहे, त्याला आता काय करायचं?

मी प्रूफं वाचते. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, हा माझा पोटाचा धंदा. सकाळची पाळी संपली की दोनला घरी. आणि दुपारी मी शब्दकोडी करायची. आमच्या गावातल्या मोठ्या पेपरच्या रविवार पुरवणीत, शेवटच्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात अकरा बाय अकराची चौकट यायची आणि तिच्याखाली बारीक टायपात माझं नाव. नऊ वर्षं. एक रविवार चुकला नाही. आई गेली त्या आठवड्यातसुद्धा मी कोडं वेळेवर पोचवलं होतं. जगात माझ्या नावाची जागा तेवढीच, दोन बोटं रुंद, पण होती.

कॉम्प्युटर यायच्या आधी माझे सगळे शब्द बुटांच्या खोक्यांत होते. छापखान्यातल्या कोऱ्या पाठीच्या प्रुफांच्या चिठ्ठ्या कापायच्या आणि एका चिठ्ठीवर एक शब्द लिहायचा. तीन अक्षरी शब्दांची चार खोकी, चार अक्षरींची सहा. प्रत्येक खोक्यात चिठ्ठ्या दुसऱ्या अक्षराप्रमाणे लावलेल्या. लोकांना वाटतं कोडं करणाऱ्याला पहिलं अक्षर नडतं. छट! माणूस अडतो तो दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या अक्षरावर. खोली इतकी भरली होती की कपाटाचं दार अर्धंच उघडायचं.

दादा ते बघून हसायचा. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात. मला तो लहानपणापासून 'ढमी' म्हणतो. "ढमे, एका खोक्यात मावेल हे सगळं," तो म्हणाला. "फक्त ते खोकं विजेवर चालतं." पैसे मी साठवलेले, निवड त्याची. टॅक्सीतून दोन मोठे खोके आले. दादाने शर्टाच्या बाह्या सरसावल्या, टेबल भिंतीपासून ओढलं, मागच्या तारा जोडल्या आणि बटण दाबलं. आत काहीतरी घरघरलं, काळ्या पडद्यावर आकडे भराभर चढत गेले आणि 'टीप' असा एक आवाज झाला. मी दचकून मागे सरले. दादा म्हणाला, "अगं, तो म्हणतोय, सगळं ठीक आहे."

खरी गंमत पुढेच होती. त्या वेळी आपली अक्षरं कॉम्प्युटरवर सरळ उमटत नसत. त्यासाठी वेगळा फॉण्ट घालावा लागे, आणि एका फॉण्टातलं लिखाण दुसऱ्या फॉण्टात उघडलं तर नुसता केरकचरा दिसे. दादाने कुठूनसा एक फॉण्ट आणला आणि माझ्या हाताला सोयीचा व्हावा म्हणून महिनाभर त्याच्याशी झटापट केली. 'ळ' कुठे हवा, 'ऱ्या' कसा उमटावा, सगळं मला विचारून. तो फॉण्ट जगात दोनच मशीनवर होता, माझ्या आणि त्याच्या. मग त्याने एक प्रोग्राम लिहिला. रिकाम्या घरांच्या जागी फुल्या टाकायच्या, माहीत असलेली अक्षरं भरायची, बटण दाबायचं की बसणारे सगळे शब्द खाली ओळीने हजर! पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी खरंच रडले. दादाने माझ्या डोक्यावर टपली मारली. "वेडी आहेस का? रडतेस काय?" त्या दिवशी मला वाटलं, असा भाऊ कुणाला मिळतो?

चौदा महिने मी चिठ्ठ्या टाइप करत होते. एकोणीस हजार शब्द. शेवटची चिठ्ठी झाली तेव्हा दादा म्हणाला, "आता ही खोकी कशाला? उंदीर होतील." मी का कू करत होते, तर त्यानेच दोन दोन खोकी उचलून जिन्यावरून खाली नेली आणि रद्दीत घातली. कपाटाचं दार पूर्ण उघडायला लागलं. मी खूश होते हो. खोटं कशाला सांगू?

वर्षभर सुखात गेलं. मग एका मंगळवारी पुरवणीच्या संपादकांनी बोलावून घेतलं. सज्जन माणूस, कधी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांनी टेबलावर दोन पेपरांची पानं शेजारी शेजारी पसरली. एक आमचं. दुसरं समोरच्या पेपरचं, तिथे चारेक महिन्यांपासून कुणी 'अक्षरमित्र' कोडं करू लागला होता. दोन्हींवर लाल पेन्सिलीची वर्तुळं.

"बाई, 'बिजागरी' आणि 'गळपट्टा'. दोन्हीकडे 'ग'वर एकमेकांत अडकवलेत. हे एक झालं. अशी सतरा ठिकाणं आहेत. तुम्ही टोपणनावाने तिकडेही लिहिताय का?"

"मी? काय बोलताय तुम्ही साहेब!"

"मग तुमचे शब्द तिकडे चालत गेले का?" त्यांनी चष्मा काढला. "महिना देतो. कुणी केलंय ते शोधा आणि त्याच्याकडून लेखी आणा. नाहीतर मला कोडं बंद करावं लागेल. वाचक पत्रं लिहायला लागलेत."

जिना उतरताना एकच डोक्यात. ती चौकट गेली तर माझं म्हणून काय उरणार होतं? लोकांची प्रूफं.

माझा संशय सरळ दुरुस्तीवाल्यावर गेला. कानाच्या मागे स्क्रूड्रायव्हर खोचून फिरायचा म्हणून मी त्याला 'स्क्रू' म्हणायची. सहा महिन्यांपूर्वी माझं मशीन बंद पडलं होतं, ते दोन दिवस त्याच्या दुकानात होतं. झालं! तळपायाची आग मस्तकात घेऊन मी त्याच्या दुकानात शिरले. गिऱ्हाईकं होती, तरी मी थांबले नाही. चोर म्हटलं, लबाड म्हटलं, दुकानाला टाळं लावीन म्हटलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एक स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. दुरुस्तीच्या वेळी तुमचं काही जाऊ नये म्हणून मी डिस्कची प्रत काढून ठेवली होती. ही बघा तुमची फाइल." त्याने ती उघडली. पडद्यावर उलटे स्वल्पविराम, चौकोन, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, असली सगळी भेळमिसळ. "हे असं दिसतं मला. तो फॉण्टच माझ्याकडे नाही. ह्याचं मी काय लोणचं घालू?"

"नाटकं नकोत!" मी म्हटलं आणि तरातरा निघून आले. खरं म्हणजे त्याने उत्तर माझ्या हातावर ठेवलं होतं. पण राग आला की माझं डोकं बंद आणि तोंड चालू.

घरी येऊन दादाला फोन केला. सगळं सांगितलं. दादा म्हणाला, "सोडू नकोस त्याला, ढमे. असल्या लोकांना दयामाया नको. मी तर म्हणतो पोलिसांत जा." मला किती धीर आला! पाठीशी कुणीतरी आहे असं वाटलं.

त्यानंतर मी दर रविवारी दोन्ही पेपर घ्यायला लागले. अक्षरमित्राचं कोडं पेनाने सोडवायची, खोडरबर न घेता. सोपंच होतं, माझेच शब्द. तिसऱ्या रविवारी उभ्या शब्दांत सातव्याला थांबले. 'साबणाची उरलेली पातळ चकती.' चार अक्षरं. पहिलं 'नि' आडव्यातून आलेलं, तिसरं 'टु'.

माझ्या हाताने आपोआप लिहिलं. निसटुली.

आणि मग पेन खाली पडलं.

हा शब्द कुठल्याही कोशात नाही. तो आमच्या आईचा शब्द. वडी झिजून झिजून हातातून सटकायला लागली की आई म्हणायची, "ती निसटुली नव्या वडीला चिकटव गं." तिशी येईपर्यंत मला वाटत होतं, सगळं जग असंच म्हणतं. चिठ्ठी लिहिली, खोक्यात घातली, पुढे टाइपही केली. नंतर छापखान्यातला मोठा कोश चाळला तेव्हा समजलं की असा शब्दच नाही. म्हणून कोड्यात कधी वापरला नाही. पण यादीतून काढलाही नाही. आईचा होता, कसा काढणार?

आता नीट बघा. यादीत नुसते शब्द होते, अर्थ एकाचाही नव्हता. यादी कुणी परक्याने चोरली असती, तर त्याने 'निसटुली' वाचून काय ओळ दिली असती? 'हातून सुटलेली' नाहीतर 'थोडक्यात वाचलेली.' साबण कुणाच्या स्वप्नातही आला नसता. निसटुली म्हणजे साबण हे पृथ्वीवर तिघांना माहीत होतं. त्यातली एक जाऊन तीन वर्षं झाली होती.

मी तशीच दादाच्या घरी गेले. तो जेवणाच्या टेबलावर इस्त्री उघडून बसला होता, पुढे स्क्रू आणि वॉशर मांडलेले. वहिनीने माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला. म्हणजे तिलाही माहीत होतं.

मी पेपर इस्त्रीवर आपटला. "उभा सात."

दादाने वाचलं. आधी तो हसला. देवाशपथ, हसला! "अगं, ते सुचलं आणि मोह आवरला नाही. आईची आठवण आली."

"आईची आठवण? आईची आठवण चोरून छापतात का रे?"

"चोरून काय? शब्द काय तुझ्या मालकीचे आहेत? प्रोग्राम माझा, फॉण्ट माझा. तुझ्याकडे येऊन मशीन साफ करून द्यायचो, तेव्हा एक फ्लॉपी भरून घेतली, एवढंच."

"आणि त्या दुरुस्तीवाल्याला पोलिसांत द्यायला सांगत होतास!"

तो हातातला वॉशर बोटाने फिरवत बसला. मग एकदम म्हणाला, "दर रविवारी आई तुझं कोडं घेऊन बसायची. मी समोर असायचो. मी तिला नोकरीतलं काही सांगायला गेलो की म्हणायची, थांब रे, हिचा आडवा बारा राहिलाय. मी आयुष्यभर थांबलोच की."

माझा राग तिथे थोडा अडखळला. खोटं नाही बोलत. तो तसा बसलेला, समोर उघडी इस्त्री, आणि मला तो दहा वर्षांचा दिसला. म्हटलं, "हे बघ, झालं ते झालं. माझ्याबरोबर संपादकांकडे चल. एवढं सांग की शब्द तू घेतलेस. माझं कोडं वाचू दे. मग मी हा विषय कधी काढणार नाही."

"येतो," दादा म्हणाला. "उद्याच येतो."

आला. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात चामड्याची बॅग. मला वाटलं, बरं झालं, माणसाने चूक कबूल करायलासुद्धा नीट कपडे घालावेत. संपादकांसमोर आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी म्हटलं, "साहेब, हे माझे बंधू. ह्यांना काही सांगायचंय."

दादाने बॅग उघडली. आतून प्रोग्रामचे छापील कागद काढले, लांबलचक, घडीघडीचे. मग एक फ्लॉपी. मग एक छापलेली चौकट, काळी घरं, आकडे, सगळं रेखीव. आणि शांतपणे, ऑफिसात बोलतात त्या आवाजात बोलायला लागला. ही सगळी पद्धत त्याने बसवलेली आहे. फॉण्ट त्याचा. शब्दयादी त्याच्या प्रोग्रामसाठी तयार झाली. अक्षरमित्र तोच. दोन ठिकाणी एकच यादी वापरली गेली हे चुकलंच, त्याबद्दल तो दिलगीर आहे, यापुढे समोरच्या पेपरात देणार नाही.

"आणि ह्या बाई?" संपादकांनी विचारलं.

दादाने माझ्याकडे बघितलंसुद्धा. प्रेमाने बघितलं, हो! "टंकलेखन हिचं. चौदा महिने खपली बिचारी. फार मनापासून केलं तिने."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. आणि मग जे माझं तोंड सुटलं! "खोटारड्या! तू माझ्या शब्दांशिवाय एक कोडं तरी केलंयस का? नऊ वर्षं साहेब, तुम्ही मला नऊ वर्षं ओळखता! ह्याच्या कॉम्प्युटरच्या आधीपासून माझे शब्द होते, खोक्यांत होते, हाताने लिहिलेले..."

"मग ती खोकी आणा ना," संपादक म्हणाले.

मी दादाकडे बघितलं. तो फ्लॉपीची पट्टी मागेपुढे करत होता.

"बाई, हळू बोला, ऑफिस आहे," संपादक म्हणाले. त्यांना माझी कीव येत होती, तेच जास्त झोंबलं. मी ओरडत होते आणि तो कागद दाखवत होता. बघणाऱ्याला कोण खरं वाटणार? त्यात त्यांचा पेपर त्याच वर्षी कॉम्प्युटरवर चालला होता. माझी कोडी हाताने आखलेली जायची, ती पुन्हा जुळवावी लागत. दादा चौकट तयार करून फ्लॉपीत देणार होता. "घरातलीच गोष्ट आहे," संपादक सुटल्यासारखे म्हणाले. "नाव ह्यांचं टाकू. तुम्ही मदत करतच राहाल."

जिन्यात दादाने माझा हात धरायचा प्रयत्न केला. "ढमे, ऐक तरी. नावाचं काय एवढं? काम दोघांचं. मी कुठे पळून चाललोय?" मी हात झटकला आणि त्याला सांगितलं की तू मला मेलास. असे शब्द मी घरच्या माणसाला त्याआधी कधी वापरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी स्क्रूच्या दुकानात जाऊन माफी मागितली, चारचौघांत, कारण शिव्याही चारचौघांत दिल्या होत्या. तो म्हणाला, "होतं हो बाई." मग समोरच्या पेपरात गेले, चार नमुने घेऊन. तिथल्या माणसाने दोन मिनिटं पाहिले आणि परत केले. "चांगले आहेत, पण हे अगदी आमच्या अक्षरमित्रांची नक्कल वाटते." मी हसायला लागले, ते थांबेचना. त्याने मला पाणी आणून दिलं.

कॉम्प्युटर झाकून ठेवला. पुढे दर रविवारी माझ्या कोपऱ्यात दादाचं नाव यायला लागलं. माझ्यापेक्षा एक टाइप मोठ्या अक्षरात. मी पेपर घेणं बंद केलं, मग शेजारणीचा मागून वाचायला लागले, मग पुन्हा घ्यायला लागले.

दोनेक महिन्यांनी एका गुरुवारी, चारच्या सुमाराला फोन वाजला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, दादाचा आवाज.

"चार अक्षरी. दुसरं 'ड', शेवटचं 'ची'. यादीत नाहीये गं, दोन तास झाले. बाकीची दोन काहीही चालतील."

"घडवंची," मी म्हटलं.

राग यायच्या आधीच शब्द आला होता. मी सांगायचं ठरवलं नव्हतं. तो मला मेला होता ना? पण दुसरं 'ड', शेवटचं 'ची' ऐकलं आणि तोंड उघडलं.

"वा! ढमे, तू म्हणजे तूच," दादा म्हणाला आणि फोन ठेवून दिला. मी रिसीव्हर हातात धरून इतकी रडले, इतक्या शिव्या दिल्या, पण पलीकडे कुणी नव्हतं. रविवारी आडवा चौदा, 'अंथरुणं रचून ठेवायची लाकडी मांडणी.' खाली त्याचं नाव.

पुढच्या गुरुवारी पुन्हा फोन आला. मग दर गुरुवारी. आधी एक शब्द विचारायचा, मग तीन, आता तर कधी अख्खा कोपरा सांगतो आणि मी डोळे मिटून घरं भरून देते. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. दर वेळी ठरवते की उचलायचा नाही, उचललाच तर दोन खडे बोल सुनवायचे. आणि गुरुवारी पावणेचारलाच पेन्सिल घेऊन फोनजवळ जाऊन बसते.